परिषद विद्यापीठात असली तरी मुक्काम गावात करा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे. जानेवारीच्या २९, ३० आणि ३१ तारखेला शिवाजी विद्यापीठात परिषद आहे, सत्रं सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, आणि तुम्ही रत्नागिरीहून येणार. मागे कोचीनला अशाच परिषदेला गेलात, तेव्हा एवढं जुनं बंदर उशाशी असून सभागृह, हॉटेल आणि परतीची गाडी यापलीकडे काही बघणं झालं नाही. कोल्हापुरात तसं होऊ नये, इथल्या माणसासारखे तीन दिवस काढायचे आहेत.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे सत्र बुडवायचा विचारच मनात येणार नाही. कोल्हापूर हे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर बघायचं गाव आहे. काकडआरती आणि तालमी पहाटे, मिसळ सकाळी, दूध कट्टा आणि रंकाळा संध्याकाळी, रस्सा रात्री. मधल्या वेळात इथला माणूस आपापल्या कामावर असतो. तुम्हीही तेव्हा आपल्या कामावर राहा. तुमच्या परिषदेची वेळ आणि गावाची वेळ एकमेकींच्या आड येत नाहीत, फक्त मुक्कामाची जागा नीट निवडायला हवी.

आयोजक बहुतेक हायवेलगतच्या हॉटेलात सोय करतील. शक्य असेल तर नम्रपणे नको म्हणा आणि महाद्वार रोड, भवानी मंडप किंवा बिंदू चौकाच्या आसपास खोली घ्या. तिथून विद्यापीठ रिक्षाने जवळच आहे, केएमटीची म्हणजे महापालिकेची बसही मिळते. हायवेवर उतरलात तर पहाटे पाचला अंबाबाईच्या देवळात चालत जाणं होणार नाही, रात्री जेवून गल्लीबोळांतून पायी परतणंही होणार नाही. कोल्हापूर मनात बसतं ते या दोन चालण्यांतून.

पहिल्या दिवशी पहाटे देवळात जा. आम्ही महालक्ष्मी कमी आणि अंबाबाई जास्त म्हणतो, तुम्हीही तेच म्हणा. उजाडायच्या आत गेलात तर पर्यटक नसतात. रोज येणारी पेठेतली माणसं, फुलवाल्या आणि ओल्या फरशीवर पडलेला दिव्यांचा उजेड एवढंच असतं. परतताना कपिलतीर्थ मंडईत भाजी उतरत असते, तिथे पाच मिनिटं थांबा.

न्याहारीला मिसळ. विद्यापीठाच्या बाजूला जाताना शिवाजी उद्यमनगर लागतं. ऑइल इंजिनं आणि सुट्या भागांसाठी हा भाग पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो, आणि फडतरेंची मिसळ तिथेच मिळते. सकाळीच जा, दुपारपर्यंत आटपतं. मिसळीबरोबर इथे ब्रेडच्या स्लाइस येतात, पाव मागू नका. तिखट झेपणार नसेल तर कट म्हणजे तिखट रस्सा वेगळा मागा आणि थोडा थोडा घाला. वरचा तांबडा तवंग दिसतो तेवढा जहाल नसतो, पण मसाल्याला धार असते. आणि एक कळकळीची सूचना, सकाळी मिसळ आणि त्याच रात्री मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा असं करू नका. रत्नागिरीच्या नारळाच्या वाटणावर वाढलेल्या पोटाला ते जड जाईल आणि दुसऱ्या दिवशीचा तुमचा निबंध राहील बाजूला.

त्यापेक्षा पहिल्या संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. मला विचाराल तर तीन दिवसांत एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात. गवळी सड धुतो, उकिडवा बसून भांडं गुडघ्यात धरतो आणि तुमच्यासमोर धार काढतो. पेल्यात वर बोटभर फेस, खाली अंगाच्या उबेचं दूध. आजूबाजूला दुकान बंद करून आलेला व्यापारी, पोराला खांद्यावर घेतलेला बाप, तालमीतला पैलवान, सगळे उभ्यानेच पितात आणि पेला परत करून चालू लागतात. गप्पा म्हशींच्या चालतात, कोणाची किती दूध देते, कुणी नवीन आणली. गवळ्यांचं म्हशींवरचं प्रेम एवढं, की दिवाळीत पाडव्याला शिंगं रंगवून, सजवून त्यांची मिरवणूक निघते, स्पर्धा होतात. न तापवलेल्या दुधाची सवय नसेल तर अर्धा पेला घ्या, कोणी काही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तालीम. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं कुस्तीच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहेत. दारात उभं राहून वस्तादांना विचारा. बाईमाणसाला आत येऊ देण्याबाबत प्रत्येक तालमीचा रिवाज वेगळा असतो, पण "लांबून आले आहे, सराव बघायचाय" असं सांगितलंत तर निदान दारातून बघू देतील. चपला बाहेर काढायच्या, फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवलेली असते, आत पाऊल टाकण्याआधी तिचा वास येतो. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं इथे राहतात, स्वतः स्वयंपाक करतात, बदाम वाटून थंडाई करतात. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी.

तालमीवरून जाताना खासबाग मैदान बाहेरून तरी बघा. राजर्षी शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून आल्यावर ते बांधून घेतलं. कुठेही बसलात तरी कुस्ती दिसावी अशी उतरती रचना आहे. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी या गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं नाटकवालीच होती असं नाही. वास्तूवर गाव किती जीव लावतं ते तेव्हा दिसलं.

याच तालमींची दुसरी बाजू म्हणजे फुटबॉल. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे इथले संघ. जानेवारीत हंगाम चालू असतो. शाहू स्टेडियमवर सामना असेल आणि सत्र लवकर संपलं तर शेवटचा अर्धा तास गाठा. कोणत्या पेठेच्या बाजूला बसलोय ते आधी शेजाऱ्याला विचारा आणि मग त्याच बाजूने ओरडा.

दुसऱ्या रात्री मटण. झगमगीत पाटी नसलेली, पेठेतल्या लोकांनी भरलेली साधी खानावळ निवडा. रिक्षावाल्यालाच विचारा, "तुम्ही घरच्यांना घेऊन कुठं जाता?" तो मनापासून सांगेल. पांढरा रस्सा आधी, गरम असतानाच, वाटी तोंडाला लावून प्यायचा. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि खडा मसाला, बस्स. तांबडा त्यानंतर, भाकरीबरोबर. रस्सा पुन्हा वाढायला येतात, संकोच करू नका. ताटाला हात लावायच्या आधी पांढऱ्याची वाटी संपलेली दिसली की वाढप्याचा चेहरा खुलतो. शाकाहारी असाल तर अख्खा मसूर आणि भाकरी मागा, तीही या भागाची खासियत आहे.

रंकाळ्यावर सूर्यास्ताच्या वेळी जा, शालिनी पॅलेसच्या बाजूने चालत चौपाटीकडे या, भेळ खा. यावर जास्त लिहीत नाही, तिथे गेलात की कळेल.

आता तुमच्यासाठी खास. तुम्ही बंदरगावच्या, म्हणून हे मुद्दाम सांगतो. टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली एक छोटी कांस्यमूर्ती आहे, पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. ब्रह्मपुरी इथे पंचगंगेच्या काठावरच आहे. १९४५-४६ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. समुद्र शे-सव्वाशे किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री, आणि तरी रोमन व्यापाराच्या दिवसांत हा देव कोकणातल्या कुठल्यातरी बंदरात उतरून, घाट चढून इथे नदीकाठी आला. तुम्ही ज्या वाटेने याल जवळजवळ त्याच दिशेने. मूर्ती छोटीशीच आहे, लक्ष नसेल तर पुढे निघून जाल. संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि बाकी दिवशी संध्याकाळी लवकर मिटतं, त्यामुळे यासाठी एक जेवणाची सुट्टी खर्ची घाला आणि निघण्याआधी उघडं असल्याची खात्री करा. इमारतही बघण्यासारखी आहे, १८७० च्या दशकातली, चार्ल्स मॅंट या इंग्रज वास्तुकाराच्या आराखड्यातली. नवा राजवाडाही त्याचाच.

टाऊन हॉलपासून दसरा चौक जवळ आहे. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा, भोवती वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी त्यांनी उभ्या केलेल्या वसतिगृहांपैकी काही. २६ जुलै १९०२ ला त्यांनी मागासवर्गासाठी संस्थानाच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या. गंगाराम कांबळे या दलित माणसाला त्यांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि तिथे स्वतः जाऊन चहा प्यायले, बरोबरच्यांनाही प्यायला लावला. बिंदू चौकातले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे बघायला विसरू नका. ते डिसेंबर १९५० मधले, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाचे. परिषदेत शिक्षणावर बोलणाऱ्यांनी या जागांवरून एकदा चालत जावं असं मला फार वाटतं.

चप्पल घ्यायची असेल तर शिवाजी मार्केटजवळच्या चप्पल लाइनमध्ये घ्या, घाई न करता. चांगली कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवलेली असते, खिळा नसतो. उलटी करून तळ बघा, टाके मोजून मारल्यासारखे दिसले पाहिजेत. पहिल्यांदा थोडी घट्टच घ्या, वापरून सैल होते. आठवडाभर तेल लावत जा. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीने तशाच चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा इथल्या कारागिरांनी आवाज उठवला आणि कंपनीला त्यांचं ऋण मान्य करावं लागलं. त्यामुळे दुकानदाराशी शेवटच्या पन्नास रुपयांवरून घासाघीस करू नका. एक जोड हाताने करायला किती दिवस जातात ते त्यालाच विचारा.

तुमच्या तारखा फार नशिबाच्या आहेत. साधारण ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अंबाबाईचा किरणोत्सव असतो, नोव्हेंबरात ९ ते ११ ला पुन्हा. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जातात. ढग आले किंवा हवा धुरकट असली तर किरणं मध्येच विरतात, ते धरून चाला. समारोप झाल्या झाल्या रिक्षा पकडा, पावणेसहापर्यंत देवळात असायला हवं. गर्दी असेल, धक्काबुक्की होईल, पण किरणं गाभाऱ्यात शिरताच होणारा गजर चुकवू नका.

१ तारखेला परत निघाल ती रत्नागिरी रोडनेच. पन्हाळा परिषदेच्या मध्ये कोंबू नका, या दिवसासाठी ठेवा. शिवाजी पूल ओलांडला की वडणगे, चिखलीच्या बाजूला उसाच्या फडांत गुऱ्हाळांचा धूर दिसेल. जानेवारी-फेब्रुवारी भर हंगाम. गाडी थांबवून गुळव्याला विचारा. काहिलीत रस उकळत असतो, वर आलेली मळी भेंडीच्या पाण्याने ओढून काढतात, आणि पाक तयार झाला की सगळे मिळून काहील उपसतात. ताजी काकवी बाटलीत भरून देतील, घरच्या घावनांबरोबर खा. पुढे वाघबिळाला पन्हाळ्याचा फाटा लागतो. तीन दरवाजा, अंबरखाना आणि सज्जा कोठी एवढं पाहून दुपारी खाली उतरलात तर अंधार पडायच्या आत आंबा घाट पार होईल.