भवानी होऊ दे, मग बोल

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतची मुंबईतल्या हेरिटेज वॉकची संहिता, दोन्ही मिळालं. संहिता दोनदा वाचली. सीएसएमटीपासून हुतात्मा चौकापर्यंत दादाभाई नौरोजी रस्त्यानं न्यायचं, आणि तेही कमानींखालून, ही निवड मला मनापासून आवडली. बहुतेक जण लोकांना समोरच्या फुटपाथवर उभं करतात आणि माना वर करायला लावतात. पण तुझ्या चौदा पानांत इमारतीच इमारती आहेत. त्या कमानींखालून रोज जाणाऱ्या माणसांबद्दल एक ओळसुद्धा नाही. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी तुझ्या सुरुवातीबद्दल. तू थेट खांबांपासून सुरू करतेस. त्याऐवजी तटापासून सुरू कर. इथे किल्ला होता म्हणून या भागाला फोर्ट म्हणतात, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. पण आपण तटाच्या कडेनं चाललोय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, १८६० च्या दशकात, ते तट पाडले. आज फ्लोरा फाउंटन आहे तिथे चर्चगेट होतं, उत्तरेला बझारगेट. तट गेले, जागा मोकळी झाली, तेव्हाचा हॉर्नबी रस्ता, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रस्ता, रुंद झाला आणि इमारती उभ्या राहू लागल्या. मग १८९६ च्या नियमांनी सांगितलं की तळमजल्याला रस्त्याच्या अंगानं पायी चालणाऱ्यांसाठी कमानींची ओळ हवी. वर कुणी गॉथिक बांधलं, कुणी निओक्लासिकल, कुणी इंडो-सारासेनिक, पुढे आर्ट डेकोही आलं. खाली मात्र कमानीला कमान लागत गेली. वरच्या मजल्यांवर मालकाचं राज्य, खालची वाट येईल त्याची. हे एवढं नीट पोचलं तर तुझा वॉक उभा राहिला असं समज. खांबाच्या माथ्यावरची कोरीव पानं नंतर दाखव.

आता ज्या गोष्टीसाठी खरं पत्र लिहायला बसले ती. माझं पहिलंच वर्ष. तीसएक माणसं घेऊन सकाळी साडेदहाला कमानीत उभी होते. कमानीचा मधला दगड काढला तर काय होईल, हे हातवारे करून सांगत होते. माझ्या पाठीमागे घड्याळ दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान. शटर अर्धं वर, आत एक म्हातारे गृहस्थ उदबत्ती हातात घेऊन उभे. एक गिऱ्हाईक आलं, गर्दी बघून पुढे निघून गेलं. मग दुसरं. माझं संपेपर्यंत उदबत्ती निम्मी जळाली होती. ते बाहेर आले आणि अगदी हळू म्हणाले, “बाई, तुमचं झालं का? माझी भवानी व्हायची आहे अजून.” दिवसाची पहिली विक्रीच झाली नव्हती त्यांची.

त्या दिवशी पुढचा सगळा वॉक मी कसाबसा पार पाडला. दुसऱ्या दिवशी एकटीच गेले, घड्याळाचा पट्टा बदलून घेतला, माफी मागितली. त्यांनी स्टूल पुढे केलं. तासभर बसले. कुठल्या कोपऱ्यात पावसाचं पाणी येतं, कुठल्या खांबाला टेकून कोण वर्षानुवर्षं रबरी शिक्के करून देतं, कुठल्या इमारतीची फरशी शेजारच्या फरशीपेक्षा वर आहे आणि माणसं तिथेच का अडखळतात, हे सगळं मला त्यांनी सांगितलं. पुढे मी दुपारच्या निवांत वेळेला पाच-सहा जणांना त्यांच्याकडे नेऊ लागले, तेही त्यांना विचारून. ते एखाद्या पोराच्या डोळ्याला भिंग लावत आणि उघडं घड्याळ पुढे धरत. केसाएवढी स्प्रिंग आत-बाहेर श्वास घेतल्यासारखी हलायची. पोरगं डोळा काढायला तयार नसे. माझ्या कुठल्याही माहितीनं लोक इतके गप्प झालेले मी पाहिले नाहीत.

तेव्हा पहिला वॉक घेण्याआधी निदान तीन आठवडे तिथे एकटी जा. काहीतरी विकत घे, बस, ऐक. आणि वेळेचं भान ठेव. सकाळी नऊ ते साडेदहा स्टेशनातून माणसांचा लोंढा येतो, संध्याकाळी साडेपाचनंतर तोच लोंढा उलटा फिरतो. त्या वेळी बारा जणांचा घोळका कमानीत उभा करणं म्हणजे ज्यांच्यासाठी ती वाट बांधली त्यांचीच अडवणूक. रविवारी सकाळी कमानी मोकळ्या दिसतात, फोटो छान येतात, पण शटरं बंद असतात. तू एक वॉक रविवारी ठेव आणि एक आठवड्यातल्या दुपारी. बाराच्या वर माणसं घेऊ नकोस. बोलायला थांबायचं ते गल्लीच्या तोंडाशी, जिथे कमानींची ओळ तुटते. कमानीच्या आत नुसतं चालायचं. लाउडस्पीकर नको. आवाज पोचत नसेल तर माणसं जास्त झाली आहेत.

वाटेत पारशांची अग्यारी लागते. तिथे पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, हे अलीकडच्या कोपऱ्यावरच सांगून टाक. दारात घोळका करून आत डोकावणं, फोटो काढणं अजिबात चालू देऊ नकोस.

व्हाइटअवे लेडलॉच्या इमारतीचा उल्लेख तू दोन ओळींत उरकला आहेस. तिथे पाच मिनिटं दे. हे विलायती मालाचं बडं दुकान होतं. त्याच इमारतीत नंतर खादी भांडार आलं. साहेबाच्या कापडाच्या जागी हातानं कातलेलं सूत, आणि कमान तीच. आणि रस्ता कुणाच्या नावाचा? हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडात कशी वाहून जाते याचा हिशेब ज्यांनी मांडला, १८९२ मध्ये जे ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, त्या दादाभाईंच्या. हे लोकांना जोडून सांग. माझ्या अनुभवात इथे कुणीतरी हमखास आपल्या आजीची खादीची साडी आठवतं. आठवू दे, मध्ये बोलू नकोस.

सिद्धार्थ कॉलेजही तू वगळलं आहेस, ते मला खटकलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये हे कॉलेज सुरू केलं. दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरत. बुद्ध भवन आणि आनंद भवन या त्याच्या इमारती याच परिसरात आहेत. वास्तुशैलीच्या यादीत त्यांना मोठं स्थान नसेल, पण मराठी माणसाला फोर्टमधून नेताना त्या ओलांडून जायचं नाही.

पाट्यांची हकिगत मात्र तू चांगली लिहिली आहेस. एक काळ असा होता की दुकानांच्या पाट्यांनी कमानी झाकून टाकल्या होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा बारकाईनं अभ्यास करून पाटी कमानीच्या आत कशी बसवायची याचे आराखडे केले. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. त्याच वर्षी सीएसएमटी जागतिक वारसा यादीत गेलं. फक्त एवढी भर घाल की दुकानदार राजी झाले म्हणून हे झालं. त्यांची हेरिटेज माईल असोसिएशन उभी राहिली. पाटी लहान करणं म्हणजे व्यापाऱ्याच्या दृष्टीनं काय असतं, हे एखाद्या दुकानदाराच्याच तोंडून ऐक.

एक वाक्य मात्र आजच खोड. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ‘म्हणूनच’ हवेशीर कमानी बांधायला लावल्या, असं तू लिहिलं आहेस. प्लेगची साथ त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीत उघडकीला आली, हे खरं. नियम त्याच वर्षाचे, हेही खरं. पण दोन तारखा शेजारी आल्या म्हणून त्यांच्यात नातं लावायचा अधिकार आपल्याला नाही. ताजमहाल हॉटेल उलटं बांधलं गेलं ही कहाणी अशीच चालत राहिली. पुरावा नाही, पण ऐकायला गोड. आपण सांगितलेलं लोक घरी जाऊन मुलांना सांगतात गं. म्हणून हातात कागद असेल तेवढंच बोल.

पाऊस आहे म्हणून जुलैत वॉक बंद ठेवणार असं लिहिलं आहेस. असं करू नकोस! या कमानी कळतात त्या जुलैतच. आभाळ फुटलं की दोन मिनिटांत कारकून, वकील, फेरीवाले, कॉलेजची पोरं, सगळे आत येतात. ओल्या छत्र्यांचं पाणी फरशीवरून वाहतं, कुणी तरी कुणाला तरी सरकून जागा देतं. त्या वेळी बोलू नकोस, नुसती उभी राहा आणि लोकांना बघू दे. फक्त फरशीच्या चढ-उतारापाशी “पायरी!” म्हणून मोठ्यानं सांगत जा, ओला दगड फार निसरडा असतो.

शेवट फ्लोराच्या पुतळ्यापाशी करू नकोस. १८६४ चं कारंजं सुंदर आहे, ते दाखव, पण तिथून चार पावलं पुढे ने. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचा पुतळा आहे तिथे. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. मी तिथे काही मिनिटं गप्प उभी राहते आणि मग आभार मानते. तिथे प्रश्नोत्तरं ठेवू नकोस; प्रश्न चहाच्या टपरीवर घे.

सुधारलेली संहिता पाठव, पण घाई नाही. आधी ते तीन आठवडे. पहिल्या फेरीची तारीख ठरली की कळव, मी येईन आणि सर्वांत मागे चालेन. रेंगाळणाऱ्यांना पुढे आणायला एक माणूस लागतंच.

तुझी,
मावशी