‘कुठली बाजू?’ असं पाचव्यांदा विचारलं तेव्हा

प्रश्न : ताई, माझं वय ४४. दीड महिन्यापूर्वी अंघोळ करताना डाव्या स्तनात, निपलच्या जरा बाजूला, शर्टाच्या बटणाएवढी गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर ‘बायरॅड्स ४ ए’ लिहिलंय. मग सुईनं तुकडा काढून तपासला, तर ‘पॅपिलरी लीजन, पूर्ण गाठ काढून तपासावी’ असं आलं. म्हणजे आहे की नाही, हे कुणीच सांगत नाही. आता अकरा दिवसांनी भूल देऊन गाठ काढणार आहेत. नवरा ‘काही नसतं गं’ म्हणतो आणि विषय बदलतो. थोरल्या जाऊबाई म्हणतात, असल्या दुखण्याला सुरी लागली की ते अंगभर पसरतं. रात्री झोप नाही, हात सारखा तिथंच जातो. १५ वर्षांच्या मुलीला अजून काहीच सांगितलेलं नाही. आणि एक भीती कुणालाच बोललेले नाही : भुलीत असताना त्यांना काही वाईट दिसलं, तर मला न विचारता सगळा स्तनच काढून टाकतील का?
– एक वाचक

उत्तर : निघालेला पाहुणा चपला घालता घालता खरं काय ते बोलतो, तशी तुम्ही ती भीती अगदी शेवटी लिहिलीत. म्हणून सुरुवात तिथूनच करते. मी डॉक्टर नाही, पण या टेबलावर एकदा झोपून आलेली आहे.

ही भीती वेडगळ मुळीच नाही. एके काळी हेच व्हायचं. बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तिथल्या तिथे गोठवून तपासायचा आणि कॅन्सर दिसला तर त्याच भुलीत स्तन काढायचा. सही आधीच घेतलेली असायची. काय झालं हे बाईला जाग आल्यावर, छातीवर हात ठेवून कळायचं. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं ऑपरेशन असंच एका भुलीत झालं. त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार बाईंना गाठ लागली आणि त्यांनी हट्ट धरला : आधी फक्त बायोप्सी, पुढचं मी शुद्धीवर आल्यावर ठरवीन. यासाठी तयार होणारा सर्जन मिळवताना त्यांना नकारावर नकार ऐकावे लागले. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळानं निदान आणि उपचार हे दोन वेगळे टप्पे असावेत अशी शिफारस केली, आणि त्या मंडळात या बाई स्वतः होत्या. डॉक्टर नसताना! मला त्यांचं फार कौतुक आहे.

तुमच्या कामाची गोष्ट आहे संमतीपत्र. ते ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवर, चष्मा काढून ठेवल्यावर वाचायचं नाही. आधीच मागून घ्या. त्यावर ‘डावी बाजू, एक्सिजन बायोप्सी’ (म्हणजे अख्खी गाठ काढून तपासणं) एवढंच आहे का बघा. ‘फ्रोझन सेक्शन’ (वर सांगितलेली तिथल्या तिथे गोठवून तपासणी) किंवा ‘गरज पडल्यास पुढील शस्त्रक्रिया’ असं काही असेल तर सर्जनना थेट विचारा, ‘पुढील म्हणजे काय?’ तुम्हाला नको असेल ती ओळ सही करण्याआधी त्यांच्यासमोर खोडा. यात उद्धटपणा काही नाही.

आता ‘४ ए’. हा चार म्हणजे चौथी स्टेज नव्हे. हे ठासून सांगते, कारण माझ्या रिपोर्टवरही चारच होता आणि मी जिन्याच्या कठड्याला धरून दहा मिनिटं उभी होते. स्टेज ही कॅन्सर ठरल्यानंतरची गोष्ट. बायरॅड्स हा फोटो बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टचा शेरा, ० ते ६ मधला. ४ म्हणजे ‘तुकडा काढून बघा’. त्यातही ‘ए’ म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता २ ते १० टक्के. उरलेले निदान ९० टक्के तुमच्या बाजूनं आहेत, पण १० म्हणजे शून्य नव्हे. म्हणून तर हे ऑपरेशन. पॅपिलरी म्हणजे दूधनलिकेच्या आतून फुटलेली मोडासारखी वाढ. अशा वाढी बहुतेक साध्याच असतात. पण सुईनं निघतात ते पेन्सिलीच्या शिशासारखे बारीक लांबट तुकडे, तेही गाठीच्या एखाद्या कोपऱ्यातले. दुसऱ्या कोपऱ्यात वेगळं काही असलं तर ते हुकेल. डॉक्टर तुमच्यापासून काही लपवत नाहीत. गाठ अख्खी बघितल्याशिवाय त्यांनाही सांगता येत नाही, एवढंच.

जाऊबाईंचं म्हणणं फार जुनं आहे. ते कुठून आलं असेल याचा अंदाज बांधता येतो. पूर्वी बाई दाखवायला यायचीच उशिरा. दुखणं आधीच पसरलेलं असायचं, मग सुरी लागायची आणि दोष सुरीला जायचा. सुईच्या वाटेवर चार पेशी इकडच्या तिकडे होऊ शकतात हे खरं, पण त्यामुळे स्तनाच्या कॅन्सरचं पुढचं चित्र बिघडतं असं दिसलेलं नाही. जाऊबाईंशी वाद घालू नका, झोप तुमचीच जाईल. ‘डॉक्टरांना विचारलंय’ एवढं म्हणून उठा. खरं तर हे अकरा दिवस ज्यांना सांगायचं त्यांची यादी लहान ठेवा. प्रत्येक माणूस एकेक गोष्ट घेऊन येतो : अमकीची साधी निघाली, तमकीची नाही. आपण त्या कौल लावल्यासारख्या ऐकतो. म्हणूनच माझ्या गाठीचं काय निघालं ते मी इथं लिहीत नाही. त्यावरून तुमच्या गाठीबद्दल काहीच कळणार नाही.

हात तिथं जातो म्हणता. माझी गाठ तर हाताला लागतच नव्हती, नुसती मॅमोग्राफीत दिसली होती. तरी मी रात्री शोधत बसायचे आणि ती रोज सापडायची, दर वेळी नव्या जागी. दाबून दाबून दुखायला लागलं, मग दुखतंय म्हणून घाबरले. दिवसा मन कुठंतरी लावता येतं, पण रात्री दोन वाजता नाही. मी उशाशी वही ठेवली आणि डोक्यात येईल ते प्रश्न करून लिहायला लागले. ‘मला काय होईल?’ नाही, ‘रक्त पातळ करायची गोळी किती दिवस आधी बंद करायची?’ असे. तुम्ही अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांपैकी काही घेत असाल तर हा प्रश्न आजच विचारा, मनानं बंद करू नका. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच. नवऱ्याला ती वही द्या आणि डॉक्टर बोलतील ते उतरवून घ्यायला सांगा. ‘काही नसतं’ म्हणणारा माणूस बहुधा स्वतःच घाबरलेला असतो. हाताला काम मिळालं की त्याला तसं म्हणायची गरज उरत नाही.

प्रत्यक्ष दिवस तुम्हाला वाटतो त्याहून बराच रटाळ असेल. माझी गाठ हाताला लागत नसल्यामुळे सकाळी सोनोग्राफीखाली एक बारीक तार आत सोडली होती, सर्जनना वाट सापडावी म्हणून. तारेचं टोक बाहेर, त्यावर पट्टीनं चिकटवलेला कागदी पेला, अशी मी कोपर अंगाला न टेकवता तासभर बसले होते. तुमची गाठ हाताला लागते, त्यामुळे तुम्हाला कदाचित हे लागणार नाही. पण एक नक्की होईल. नर्स येऊन विचारेल, ‘कुठली बाजू?’ मग भूलतज्ज्ञ, मग आणखी कुणी. पाचव्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला : यांना माहीतच नाही की काय! तसं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी तपासणीची एक यादी केली. नाव, बाजू, काय करायचंय हे भुलीच्या आधी आणि चीर देण्याच्या आधी मोठ्यानं विचारून घ्यायचं, असं त्यात आहे. दर वेळी पूर्ण उत्तर द्या. सर्जन पेननं बाण काढतील तो तुम्ही जाग्या असताना काढू द्या, आणि नीट बघा.

काढलेल्या गाठीला सर्जन दोन दोरे लावतात. सहसा आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या, म्हणजे तपासणाऱ्याला कडा कळतात. ती फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ती खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात, मुरते, मग मेणात बसवून केसाच्या दशांशाहूनही पातळ काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शंका राहिली तर आणखी रंग, आणखी दिवस. रिपोर्ट लांबला म्हणजे वाईटच, असं गणित मांडू नका. निघण्यापूर्वी मात्र विचारा : रिपोर्ट कुणाकडून, कधी आणि फोनवर की समोर? मी विचारलं नव्हतं. फोन आला, ‘रिपोर्ट तयार आहे, डॉक्टरांनी लवकर भेटायला सांगितलंय.’ त्या ‘लवकर’नं माझी रात्र खाल्ली. सकाळी कळलं, डॉक्टर दुपारपासून रजेवर जाणार होते.

घरी आल्यावर घट्ट आधाराची, पुढून उघडणारी ब्रा रात्रीसुद्धा घाला; हालचालीनं ओढ बसते ती कमी होते. जागा निळी, मग हिरवट, मग पिवळी होईल. पुढे व्रणाखाली टणक पट्टा लागेल, आणि तुम्हाला वाटेल की गाठ परत आली. जखम भरताना तसं होतंच, काही आठवडे राहतं. सूज भराभर वाढली, पट्टी रक्तानं भिजली, ताप आला किंवा जागा लाल आणि गरम झाली, तर मात्र रात्र असली तरी फोन करा.

राहिली मुलगी. तिला काही माहीत नाही असं तुम्हाला वाटतं, पण दिवसातून दहा वेळा तुमचा हात कुठं जातो ते तिनं पाहिलेलं असणार. ती जेव्हा तुमच्याकडे बघत नसेल, म्हणजे तुम्ही कपडे घड्या करत असाल किंवा दोघी चालत असाल, तेव्हा सांगा : ‘मला एक गाठ आहे. ती काय आहे ते अजून कुणालाच माहीत नाही. अमुक तारखेला काढून तपासणार आहेत, आणि जे कळेल ते मी तुला सांगेन.’ ‘काही नाही निघणार’ असं वचन देऊ नका. ती पुढचा प्रश्न लगेच विचारेल किंवा चार दिवसांनी, बहुधा दिवा मालवल्यावर. तेव्हा माहीत असेल तेवढं सांगा, आणि नसेल ते तिच्याच हातानं वहीत लिहायला लावा.