२४ तासांत गुठळी काढतात म्हणे, मग आमच्या आण्णांची का नाही काढली?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कोरेगाव तालुक्यातले. मागच्या थंडीत आमच्या सासऱ्यांच्या अंगावरनं वारं गेलं. आण्णांचं वय ७४, रात्री बातम्या बघून साडेदहाला झोपले, पहाटे पाचला सासूबाई उठवायला गेल्या तर उजवा हात-पाय गळालेला, तोंड वाकडं, बोलता येईना. शेजारचे म्हणाले पारव्याचं रक्त चोळा, त्यात आणि गाडी शोधण्यात अडीच तास गेले. दवाखान्यात सांगितलं की झोपेत झालंय, साडेचार तासांच्या आत आला असता तर इंजेक्शन दिलं असतं, आता काही होत नाही. आता मोबाईलवर बघितलं तर २४ तासांपर्यंत तार घालून गुठळी काढतात! आमचं चुकलं का त्यांचं?

उत्तर : ताई, आधी हिशोब करू. झोपेत मेंदूचा झटका (मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून अंगावरनं वारं जाणं) आला की घड्याळ लावायचं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथनं, म्हणजे आण्णांचं साडेदहाला सुरू झालं आणि तुम्ही दवाखान्यात पोचलात तेव्हा नऊ तास झालेले. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला नेहमीच्या नियमाने उशीर झाला हे खरंच (एमआरआय बघून झोपेतल्या झटक्यातही काही निवडक पेशंटना देतात, पण ते सगळीकडे होत नाही). पण इंजेक्शन वेगळं आणि गुठळी ओढून काढणं वेगळं. अँजिओप्लास्टीला करतात तसं जांघेतनं बारीक नळी मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात आणि जाळीत धरून किंवा पंपाने ओढून गुठळी बाहेर काढतात.

२०१५ साली पाच मोठ्या चाचण्या (पेशंटवर उपचार करून बघितलेले अभ्यास) आल्या, त्यातनं मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर हे काम करतं हे पक्कं झालं, पण तेव्हा मर्यादा साधारण सहा तासांची धरली गेली. २०१८ ला ती पुढं सरकली, आणि तुमच्या आण्णांसारखे झोपेतनं उठलेले पेशंट त्यात आले. एका चाचणीत सहा ते २४ तासांत आलेल्यांची स्कॅनवर निवड केली, म्हणजे मेंदूचा किती भाग मेलाय आणि किती अजून तग धरून आहे हे बघितलं. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे गुठळी काढलेल्यांत ४९ टक्के निघाले आणि न काढलेल्यांत १३. एवढा फरक आमच्या धंद्यात क्वचित बघायला मिळतो.

मग पुढचं दार उघडलं. आधी नियम असा की मेंदूचा मोठा भाग आधीच गेला असेल तर हात लावायचा नाही, रक्तस्राव होईल. २०२२ ला जपानमधनं आणि २०२३ ला चीन आणि इतर देशांतनं निकाल आले की अशांनाही फायदा होतो. पण हुरळून जाऊ नका, जपानच्या चाचणीत निदान आधाराशिवाय चालू शकणारे ३१ टक्के, उपचार न झालेल्यांत १३ च्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक तरीही परावलंबी राहिले, आणि डोक्यात रक्त उतरण्याचं प्रमाणही वाढलं. घरच्यांना हे आधी सांगायला पाहिजे, नुसतं ‘काढू गुठळी’ म्हणून सही घेऊ नये, असं माझं मत आहे. आणि २०२५ ला मधल्या आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या चाचण्यांत तर फायदा दिसलाच नाही, तेव्हा दार सगळ्या बाजूंनी उघडलंय असंही नाही.

मग चुकलं कुणाचं? आण्णांची मोठी रक्तवाहिनी बंद होती का हे सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) केल्याशिवाय कळत नाही, आणि ती केली होती का हे तुम्ही लिहिलं नाही. उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही एकदम गेलेलं बघता शंका घ्यायला जागा होती. अँजिओ करून, गरज पडली तर पुढं पाठवायला हवं होतं. ‘काही होत नाही’ हे वाक्य मला पटलं नाही. पण पारव्यात आणि गाडीत गेलेले अडीच तासही थोडे नव्हेत. २४ तास म्हणजे २४ तास थांबायची परवानगी नव्हे, दर मिनिटाला साधारण १९ लाख पेशी मरतात, आणि त्यात पुण्याच्या वाटेवर खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला तर अजून तास गेला. १०८ ला फोन करून थेट कॅथलॅब (नळी घालून रक्तवाहिन्यांवर उपचार करायची खोली) आणि हे काम करणारा डॉक्टर असेल तिथंच न्या, आणि निघताना ‘शेवटचे किती वाजता बरे होते’ ते कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : आईचं वय ८५, हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. उद्या झटका आलाच तर तिला हे करता येईल का? – तासगाव

उत्तर : वय बघून कुणी नाकारत नाही, आधी आई किती हिंडती-फिरती होती ते बघतात. गोळ्यांमुळे इंजेक्शन बहुतेक देता येत नाही, पण गुठळी काढता येते. गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा, आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. झटक्याच्या भीतीने गोळ्या बंद मात्र करू नका, त्या झटका टाळायलाच दिल्यात.