पट्टायाला मित्रांबरोबर जातोय. तिथल्या ‘नाइटलाइफ’मध्ये पोलीस, फसवणूक आणि आजार यांबद्दल काय माहीत असायला हवं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की चौघे मित्र आहात, पाच दिवस पट्टाया-बँकॉक करणार आहात, आणि एजंट म्हणतोय, ‘तिकडे सगळं लीगल आहे, बिनधास्त राहा.’ पहिली दुरुस्ती इथेच. लीगल नाही.

थायलंडचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा १९९६ चा आहे आणि तो लागू आहे. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावण्याचा दंड फक्त हजार बाटपर्यंत, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला सगळं मोकळं वाटतं. बारना परवाना असतो तो १९६६ च्या मनोरंजनस्थळांच्या कायद्याखाली, म्हणजे दारू, गाणं, नाच यांचा. त्यापुढे जे होतं ते कुठल्याच कागदावर नसतं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिक सुट्टीला यायचे तेव्हापासून हा डोळेझाकीचा कारभार चालू आहे, आणि तुमच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात. जो व्यवहार कागदावर नाही, त्यातला वाद घेऊन तुम्ही कुणाकडे जाणार? पैसे कमी-जास्त झाले, शब्द फिरला, तर दोन्ही बाजूंना तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिथल्या बायकांनाही हेच भोगावं लागतं. म्हणून तर ‘एम्पॉवर’ ही पॅटपाँग या बँकॉकच्या बारवस्तीत सुरू झालेली त्यांची संघटना हा कायदाच रद्द करा म्हणते.

एका बाबतीत मात्र डोळेझाक नाही, ती म्हणजे वय. १९९६ च्याच कायद्याप्रमाणे वेश्याव्यवसायाच्या जागी १५ ते १८ वयाच्या मुलीशी किंवा मुलाशी संबंध ठेवला तर १ ते ३ वर्षं कैद आणि २० ते ६० हजार बाट दंड. १५ च्या खाली २ ते ६ वर्षं कैद, आणि त्यावर फौजदारी कायद्याची बलात्काराची कलमं वेगळी. संमती होती हे म्हणणं चालत नाही. शिवाय भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागू होते, त्यामुळे विमानात बसलो की सुटलो, असं नाही. थाई ओळखपत्रावर जन्मसाल बौद्ध संवतातही असतं (त्यातून ५४३ वजा करायचे) आणि इंग्रजीत इसवी सनातही. पण दुसऱ्याचं कार्ड वापरलं जातं, म्हणून कार्डावर विसंबू नका. जराशी शंका आली की उठून निघा, आणि १३०० या सरकारी मदत क्रमांकावर कळवा. पैसे ती स्वतः न घेता दुसराच कुणी घेतोय, तिचा पासपोर्ट त्याच्याकडे आहे, प्रत्येक उत्तराआधी ती त्याच्याकडे बघते, असं दिसलं तरी तेच करा. ती माणसांची तस्करी असू शकते, त्यासाठी २००८ चा वेगळा आणि बराच कडक कायदा आहे.

आता बारमधला हिशेब. बसल्यावर तुमच्यासमोर एक छोटा पेला येतो, लाकडी किंवा प्लास्टिकचा. प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी गुंडाळून त्यात खोचली जाते. निघताना ‘चेक बिन’ म्हटलं की त्या चिठ्ठ्यांची बेरीज होते. चिठ्ठी पडली की लगेच उलगडून बघा. त्यात गैर काही नाही, नेहमीची गिऱ्हाइकं बघतातच. भानगड होते ती ‘लेडी ड्रिंक’वरून. शेजारी बसलेल्या मुलीसाठी तुम्ही घेतलेलं हे पेय. त्यातला काही भाग तिला मिळतो, म्हणून ते साध्या बिअरपेक्षा महाग. चौघांच्या टेबलाशी पाच जणी येऊन बसल्या आणि तुम्ही मान डोलावली, तर एका फेरीत पाच चिठ्ठ्या पडतात. कुणासाठी किती, हे बोटं दाखवून सांगा. ‘बार फाइन’ ही मुलगी कामाची वेळ संपण्याआधी बाहेर पडली म्हणून बारने घ्यायची रक्कम असते. ती बारची, तिची नव्हे. हे न कळल्यामुळे ‘एकदा पैसे दिलेत की’ म्हणून मध्यरात्री आवाज चढवणारे पुष्कळ. भारतीय पर्यटकांना पट्टायात मारहाण झाल्याच्या बातम्या येतात, त्यांत पैशावरून झालेली बाचाबाची वारंवार दिसते. ठरलेलं नंतर घासाघीस करून कमी करायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिने नाही म्हटलं, मग ते आधी असो की मधेच, तर तो विषय तिथे संपला.

बँकॉकच्या पॅटपाँगचा प्रकार वेगळा. फुटपाथवर एकजण लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे करतो: बिअर १०० बाट, शो फुकट. जिना चढून वर गेलात, अर्ध्या तासाने उठलात, की बिल काही हजारांचं. शोचे वेगळे, बसायचे वेगळे, तुम्ही न मागवलेल्या पेयांचे वेगळे. दारात दोन दांडगे उभे. तिथे मर्दुमकी गाजवू नका. शक्य तितकं कमी देऊन बाहेर या, पाटीचा फोटो काढा आणि ११५५ ला फोन लावा. हा पर्यटक पोलिसांचा नंबर, चोवीस तास चालतो, इंग्रजीत बोलता येतं. बऱ्याचदा ते बारमध्ये सोबत येतात आणि काही पैसे परत मिळतात. पण त्याच रात्री, त्याच तासात. सकाळी उठून गेलात तर उपयोग नाही. सोपा नियम: पॅटपाँगमध्ये जिना चढायचा नाही. खाली जे आहे ते बघा.

पट्टायाच्या बीच रोडवर आपल्या लोकांचा एक स्वतंत्र घोळ असतो, गळ्यातल्या सोन्याचा. रात्री एक-दोनच्या सुमाराला लडखडत चालणाऱ्या माणसाला कुणीतरी येऊन मिठी मारतं, लाडात येतं, दोघंतिघं घेरतात, आणि पंधरा सेकंदांत दोन तोळ्यांची चेन गेलेली असते. हूक काढायची सफाई इतकी, की हॉटेलात शर्ट काढेपर्यंत कळत नाही. चेन आणि ब्रेसलेट घरी ठेवून जा. हॉटेलच्या तिजोरीतही नको.

हॉटेलमध्ये पाहुणी आली तर रिसेप्शनवर तिचं ओळखपत्र ठेवून घेतात किंवा नोंद करतात, काही ठिकाणी जास्तीचे पैसे आकारतात. लाज वाटून ही नोंद टाळू नका, चोरी झाली तर पोलिसांकडे तेवढाच धागा असतो. तिजोरीचा नंबर कुणासमोर दाबू नका. पेयात गुंगीचं औषध घालून खोली साफ करण्याचे प्रकार होतात, म्हणून उघडी बाटली किंवा ग्लास सोडून गेलात तर परत आल्यावर तो ओतून द्या. दोन पेगांत चार पेगांची झिंग आली तर एकट्याने खोलीवर जाऊ नका, मित्राला हाक मारा. चौघांपैकी एकजण रोज आळीपाळीने कमी पिणार, एवढं ठरवलंत तरी निम्मा धोका टळतो.

फोनवरून ‘बुकिंग’ करून देणारे टेलिग्राम किंवा ‘लाइन’ या चॅट-ॲपवरचे खातेदार जवळजवळ सगळे भामटे. फोटो सुंदर, मग डिपॉझिटचा क्यूआर, मग ‘सिक्युरिटी फी’, मग ‘रकमेत चूक झाली, पुन्हा पाठवा, दोन्ही परत येतील’. पहिल्या क्यूआरलाच थांबा. नंतर तुमचे चॅट बायकोला किंवा ऑफिसला पाठवू, अशी धमकी आली तर एक रुपयाही देऊ नका. एकदा दिलेत की तुम्ही देणारे आहात हे त्यांना कळतं. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, भारतातून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आजारांवर जरा थांबतो, कारण इथे लोक सर्वांत जास्त चुका करतात.

थायलंडने १९८९ मध्ये रात्चाबुरी प्रांतात ‘शंभर टक्के कंडोम’ योजना सुरू केली, १९९१ मध्ये ती देशभर नेली आणि एचआयव्हीचा फैलाव खरोखर आवरला. त्यामुळे बारमधल्या मुलींना कंडोमचं महत्त्व आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ‘जास्त पैसे देतो, बिना कंडोम’ ही मागणी गिऱ्हाईक करतं. करू नका. कंडोम इथूनच न्या. तिथल्या दुकानांत पाकिटावर ४९ आणि ५२ मिलिमीटर असे आकडे असतात. ४९ घट्ट बसून फाटण्याची शक्यता, नेहमीचा आपला ५२ च्या आसपासचा. खिशातल्या पैशाच्या पाकिटात महिनाभर दाबून ठेवलेला वापरू नका. आणि तेल! मसाजच्या गावात अंगाला, हाताला तेल असतंच, आणि तेल लागलं की लॅटेक्स मिनिटभरात कमकुवत होतं. वंगण पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित हवं. मुखमैथुनालाही कंडोम लागतो. गनोरिया (परमा) घशात राहतो आणि तिथे बहुधा लक्षणंच देत नाही.

कंडोम फाटला तर घड्याळ बघा. एचआयव्ही टाळणारं ‘पेप’ औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. त्यामुळे ‘मुंबईला गेल्यावर बघू’ हे गणित पाच दिवसांच्या ट्रिपमध्ये चुकतं. त्याच दिवशी रुग्णालयात जा. बँकॉकमध्ये रात्चदामरी रोडवर थाई रेड क्रॉसचं अनॉनिमस क्लिनिक आहे. पट्टायात ‘स्विंग’ ही संस्था याच क्षेत्रात काम करते. आधी रक्त तपासतात, मग २८ दिवसांच्या गोळ्या. पूर्ण २८ दिवसांच्या घेऊनच निघा, एकही दिवस चुकवायचा नाही. मळमळ होते म्हणून दहाव्या दिवशी सोडणारे असतात, त्यांनी घेतलेल्या गोळ्याही वाया जातात.

मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन आणून ‘आधीच घेऊन टाकू’ हा आपला आवडता उपाय. तो निरुपयोगीच नाही, घातक आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये एका रुग्णाचा गनोरिया नेहमीच्या दोन्ही औषधांना दाद देईना, आणि तो संसर्ग आग्नेय आशियातला होता. अर्धवट गोळ्यांनी लक्षणं दबतात, जंतू राहतात. लघवीला जळजळ किंवा पू ही लक्षणं बहुधा २ ते ८ दिवसांत दिसतात, तेव्हा नमुना देऊन तपासणी करा. सिफिलिस त्याहून लबाड. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक फोड येतो, दुखत नाही, आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरतो. माणूस म्हणतो, बरं झालं. बरं झालेलं नसतं.

हिपॅटायटिस बी ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी असते. निघायला महिना असेल तर दोन डोस तरी होतात.

निळ्या गोळ्या (व्हायग्रा, म्हणजे सिल्डेनाफिल) फुटपाथवरून घेऊ नका, आत काय आणि किती आहे ते कुणालाच माहीत नसतं. हृदयासाठी नायट्रेटवर्गातलं औषध, म्हणजे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी, चालू असेल तर सिल्डेनाफिल अजिबात नको. रक्तदाब एकदम कोसळतो. बाटलीतून हुंगायचे ‘पॉपर्स’ही रक्तदाब तसाच खाली आणतात, तिथेही तोच धोका. छातीत दुखू लागलं आणि रुग्णालयात नेलं, तर गोळी घेतली होती हे डॉक्टरला आधी सांगा. लाजून लपवलंत तर ते नेमकं नायट्रेट देतील. रुग्णवाहिकेचा नंबर १६६९.

किरकोळ पण महाग पडणाऱ्या गोष्टी: व्हेप (ई-सिगारेट) नेऊ नका, २०१४ पासून बंदी आहे, आणि पोलिसांना पर्यटकाच्या हातात ते पटकन दिसतं. गांजाची दुकानं दिसतील, पण २०२५ च्या जूनपासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. डिजिटल अरायव्हल कार्ड (देशात प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट म्हणजे नकली. क्लबमध्ये २० वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. पासपोर्ट कुठेही तारण ठेवू नका. हरवला तर आधी पोलीस रिपोर्ट, मग सुखुमवित सोई २३ वरचा आपला दूतावास. तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. त्यात दोन-तीन दिवस जातात असं धरून चाला.

बारच्या आत फोन वर करू नका. ‘रील’च्या नादात मोबाइल हिसकावले जातात, आणि त्या मुलींच्या बाजूने विचार केलात तर बरोबरच आहे. गावाकडे बहुतेकींच्या घरी वेगळं काहीतरी सांगितलेलं असतं. मसाज पार्लरमधल्या प्रत्येक बाईला ‘स्पेशल’ विचारत सुटू नका. पारंपरिक थाई मसाज ही रीतसर शिकलेली विद्या आहे, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेली. बाहेर दरफलक लावून बसलेल्या बहुतेक जणी खांदे-पाठच दाबून देतात.

परत आल्यावर तपासणीच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका. एचआयव्हीची शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी ४५ दिवसांनी विश्वासाची, सरकारी केंद्रातली रॅपिड चाचणी ९० दिवसांनी. पेप घेतलं असेल तर हे दिवस गोळ्या संपल्यापासून मोजा. सरकारी आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात चाचणी फुकट आणि नाव गुप्त असतं, चौकशीसाठी १०९७. सिफिलिसचीही सोबत करून घ्या. रक्तदान नाही, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरीही कंडोमच. चौघांपैकी जो लग्न झालेला असेल त्याने हा दीड ते तीन महिन्यांचा कंडोम घरी कसा समजावणार, ते तिकीट काढायच्या आधी ठरवावं.