माशांची लस : टोचल्यानंतरचे तीन आठवडे

प्रश्न : उजनीत पिंजऱ्यात चिलापी (तिलापिया मासा) आहे. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची लस टोचून घेतली, तरी पाचव्या दिवसापासून मासे गोल फिरून मरू लागले. लस खोटी होती का? (करमाळा)

तेवढ्यावरून लसीला दोष देता येणार नाही. लसीत मारलेले जिवाणू असतात. ते ओळखून आयजीएम प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) बनवायचे काम माशाच्या पुढच्या मूत्रपिंडात आणि प्लीहेत चालते आणि त्याचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो, कारण माशाचे अंग पाण्याइतकेच गरम असते. २८ अंशांच्या पाण्यात दोन ते तीन आठवडे धरा. लेबलवर ४५० ‘अंश-दिवस’ (पाण्याचे तापमान गुणिले दिवस) लिहिले असेल, तर २८ अंशांना १६ दिवस आणि २० अंशांना २३ दिवस लागतात. पण पाणी जितके तापेल तितके बरे, असे समजू नका. फार तापलेल्या, ऑक्सिजन घटलेल्या पाण्यात माशाचा ताण वाढतो आणि प्रतिकारशक्ती खचते.

पाचव्या दिवशी मेलेले मासे बहुधा आधीच बाधित होते. गोल फिरणे, डोळे बाहेर येणे म्हणजे जिवाणू मेंदूपर्यंत पोचलेत. लस हा उपचार नाही. आता मरतुकीतले ताजे मासे बर्फात ठेवून मेंदू व मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टीचे आयए (Ia), आयबी (Ib) आणि क्रमांक तीन (III) असे प्रकार आहेत. एकाची लस दुसऱ्यावर चालेलच असे नाही, म्हणून प्रकारही विचारा.

हा आजार पाणी तापल्यावर भडकतो. आपल्याकडे उन्हाळा लवकर चढतो, त्यामुळे जानेवारीअखेर टोचणी उरकावी. तेव्हा पाणी गार असते, म्हणून टोचणी आणि उन्हाळा यांत महिनाभर मोकळा ठेवा.

प्रश्न : टोचताना काय चुकते? (माढा)

बहुतेक वेळा सुईची लांबी आणि घाई. आदल्या दिवसापासून २४ तास खाद्य बंद ठेवा, नाहीतर भरलेले आतडे सुईखाली येते. लस पोटाच्या पोकळीत, मध्यरेषेवर, गुदद्वाराच्या पुढे जायला हवी. सुई आखूड पडली तर लस मांसात राहून गाठ व डाग पडतो, लांब झाली तर आतडे फुटते. माशाच्या आकारानुसार सुई बदला आणि सुरुवातीचे चार-पाच मासे कापून लस कुठे गेली ते बघाच. तेलयुक्त लसीने पोटातले अवयव एकमेकांना थोडे चिकटतात, ते अपेक्षित आहे. भुलीसाठी लवंग तेल वापरताना प्रमाण आधी मोजक्या माशांवर तपासा. टोचणीच्या आठवड्यात प्रतवारी, वाहतूक नको. त्या ताणाने कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढून प्रतिपिंडे कमी बनतात.

प्रश्न : शेततळ्यात सोडायच्या २ ग्रॅमच्या बोटुकल्यांना टोचता येत नाही. मग बुडवून लस चालेल? (बार्शी)

परवाना असलेली बुडवण्याची लस असेल तर हो. अशा लसींत बहुधा १ भाग लसीला ९ भाग पाणी, ३० ते ६० सेकंद बुडवणे, सोबत हवेचा पुरवठा, अशी पद्धत असते. नेमके प्रमाण लेबलचेच घ्या. कल्ले व त्वचेतून लस आत जाते. संरक्षण टोचणीपेक्षा कमी काळ टिकते, म्हणून पुढचा डोस ठरवून ठेवा. याहून फारच लहान पिल्लांची प्रतिकारयंत्रणा पक्व नसते, त्यांना देऊन लस वाया जाते. खाद्यातून दिलेली लस पोटात पचून जाण्याचा धोका असतो, म्हणून ती पहिल्या डोसापेक्षा पुढच्या डोसाला बरी.

प्रश्न : थंडीत रोहूच्या अंगावर लाल जखमा. एरोमोनास या जिवाणूची लस द्यावी का? (अक्कलकोट)

नाही. थंडीतल्या खोल जखमांचे मूळ बहुधा अफॅनोमायसीस ही बुरशीसारखी जात असते, एरोमोनास मागाहून शिरतो. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने यासाठी काढलेले सीफॅक्स हे औषध १ हेक्टर-मीटर (१ हेक्टर तळे, १ मीटर खोल) पाण्याला १ लिटर वापरतात. या आजारात तळ्यात चुनाही टाकतात, पण त्याआधी पाण्याचा सामू (पीएच) मोजा, आपल्याकडचे पाणी बऱ्याचदा आधीच अल्कधर्मी असते.