हॅवलॉकच्या प्रवाळांवर स्कूबा करायचे असेल, तर दिवाळीत जावे की मे महिन्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण परभणीचे, पती-पत्नी आणि 12 वर्षांचा मुलगा असे तिघे अंदमानातील हॅवलॉक बेटावर (2018 पासून त्याचे अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे) स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणे) करू इच्छिता, मुलाच्या शाळेमुळे दिवाळीची सुट्टी किंवा उन्हाळ्याची सुट्टी एवढेच दोन पर्याय समोर आहेत, आणि तिघांचेही पोहणे शेतातल्या विहिरीपुरते आहे.

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि 2014 पासून आतापर्यंत चार वेगवेगळ्या महिन्यांत हॅवलॉकला जाऊन आलो आहे. निष्कर्ष आधी सांगतो. या दोन सुट्ट्यांतूनच निवडायचे असेल, तर दिवाळी टाळावी आणि परीक्षा संपताच, उशिरात उशिरा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जावे. मुलाची चार-पाच दिवस शाळा बुडवण्याची आपली तयारी असेल, तर मात्र फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च या काळाला तोड नाही. शिक्षक असून असा सल्ला देणे शोभत नाही, हे मला मान्य आहे.

आपली पहिली गफलत होते ती पावसाच्या हिशेबात. मराठवाड्यातल्या माणसाच्या डोक्यात पावसाचे पंचांग पक्के बसलेले असते : मृग निघाला की पेरणी, हस्त संपला की पाऊस गेला, आणि दिवाळीला आकाश निरभ्र. अंदमानात हे पंचांग चालत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतात, पण अंदमानच्या समुद्रावर ते मेच्या 20–22 तारखेच्या सुमारासच दाखल होतात. पुढे आपल्याकडून पाऊस परतला, तरी तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही तो पडतच राहतो, आणि नेमका हाच काळ बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा असतो. आपल्याकडे चांगल्या वर्षी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, तो सुमारे 3,000 मिलिमीटर होतो. खऱ्या अर्थाने कोरडे म्हणावेत असे महिने जानेवारी ते एप्रिल हेच.

2018 च्या दिवाळीत मी हा हिशेब डावलून गेलो होतो. पाच दिवसांच्या मुक्कामात दोनच दिवस बोट बाहेर पडू शकली, आणि त्या दोन दिवसांतही पाण्याखाली सात-आठ मीटरपलीकडचे काही दिसत नव्हते. उरलेले तीन दिवस आम्ही खोलीच्या पडवीत बसून पाऊस पाहिला. एखाद्या लातूरकराला पाऊस पाहण्याचेही कौतुक असते, हा भाग वेगळा. पण त्यासाठी एवढा खर्च करण्याची गरज नव्हती. डिसेंबरही सुरुवातीला पूर्ण भरवशाचा नसतो. 2016 च्या डिसेंबरमध्ये, ज्या प्रणालीचे पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ झाले तिच्यामुळे, हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी नौदलाची जहाजे न्यावी लागली होती.

दिवाळीविरुद्ध आणखी एक कारण आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही तिथींच्या आसपास समुद्राला उधाण असते, म्हणजे भरती आणि ओहोटी यांतला फरक सर्वांत मोठा असतो. साहजिकच तेवढ्याच सहा तासांत अधिक पाणी इकडून तिकडे सरकावे लागते आणि प्रवाह जोरकस होतात. शुद्ध व वद्य अष्टमीच्या सुमारास, खरे तर त्यानंतर एक-दोन दिवस, याच्या उलट स्थिती असते. कोकणातले दर्यावर्दी तिला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते, तळाची वाळू फारशी उचलली जात नाही आणि नवख्या माणसाला तरंगत एका जागी राहणे सोपे जाते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जो आडाखा कोकणात चालतो (अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास), तो अंदमानात लावू नका, तिथली वेळ जुळत नाही; मात्र उधाण आणि भांग यांचे तिथींशी असलेले नाते सगळीकडे तेच आहे. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी भिंतीवरचे कॅलेंडर काढा आणि मुक्कामाचे मधले दिवस अष्टमी ते एकादशी या पट्ट्यात येतील असे पाहा. नवशिक्यांना जिथे नेतात त्या नीमो रीफसारख्या उथळ, आडोशाच्या जागी उधाणाने फारसे बिघडत नाही. डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्ज यांसारख्या खोल, उघड्या समुद्रातल्या जागी मात्र याच एका गोष्टीवर डाइव्ह होणार की रद्द होणार हे ठरते. आपल्याला या वेळी त्या जागी जायचे नाही, कारण तिथली खोली प्रमाणपत्रधारकांसाठीच योग्य आहे.

पाण्याच्या स्वच्छतेविषयी आपण विचारले आहे. माझ्या नोंदवहीत फेब्रुवारी-मार्चच्या डाइव्हपुढे पंधरापासून पंचवीस मीटरपर्यंतची दृश्यता लिहिलेली आहे आणि मेच्या आरंभीचीही त्याहून फार वाईट नाही. पण महिना तोच असूनही सकाळचे आणि दुपारचे पाणी वेगळे निघू शकते. हॅवलॉकच्या किनाऱ्यावर खारफुटी आहे. ओहोटी लागली की खाजणांतले गढूळ पाणी बाहेर पडून किनाऱ्यालगतच्या प्रवाळांवर येते, आणि भरती चढू लागली की समुद्राचे निवळ पाणी आत येते. त्यामुळे चढत्या भरतीच्या वेळेची डाइव्ह मागून घ्या, आणि शक्यतो सकाळची घ्या. तिथे घड्याळ आपलेच असले, तरी सूर्य आपल्या पुष्कळ आधी उगवतो आणि मावळतो. हिवाळ्यात पाच वाजता अंधारायला लागते, त्यामुळे तिथला डायव्हिंगचा दिवस सहा-सात वाजता सुरू होतो. सकाळी वाराही कमी असतो.

आता मे महिन्याविषयी, कारण आपण बहुधा तेव्हाच जाल. समुद्र त्या सुमारास शांत असतो आणि पाणी तीस अंशांच्या घरात गेलेले असते. पोहणाऱ्याला हे सुखाचे वाटते, प्रवाळाला मात्र नाही. प्रवाळ हा एक प्राणी आहे आणि त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसते. त्याचा रंगही बव्हंशी या शैवालाचाच असतो. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशानेही वर जाऊन काही आठवडे तिथेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि त्याचा पांढरा चुनखडीचा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो, न निवले तर उपाशी मरतो आणि त्यावर शेवाळ चढते.

2016 च्या मे महिन्यात मी हे पाहिले. दोन वर्षांपूर्वी ज्या खडकावर तपकिरी, जांभळ्या, हिरवट रंगांची गर्दी पाहिली होती, तिथे शिंगांसारख्या फांद्यांचे प्रवाळ चुना फासल्यासारखे उभे होते, आणि त्यांच्यामधून मासे मात्र नेहमीसारखे फिरत होते. मी लातूरहून निघालो तेव्हा गावात मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि आमच्या गल्लीत घागरींची रांग लागत होती. या दोन दृश्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे मला भूगोलाचा शिक्षक असूनही पाण्याखाली गेल्यावरच नीट उमगले : 2015-16 च्या ज्या एल निनोने (प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापण्याच्या घटनेने) आपला पावसाळा बुडवला, त्यानेच पुढच्या उन्हाळ्यात हिंदी महासागराचे पाणी तापवले. 1998 आणि 2010 या वर्षी अंदमानात झालेली मोठी विरंजनेही अशीच एल निनोच्या पाठोपाठ आली होती. म्हणून माझा एक घरगुती नियम आहे, आणि मराठवाड्यातल्या माणसाला तो पाळणे सोपे आहे. आदल्या वर्षी एल निनोमुळे आपला पाऊस रुसला असेल, तर पुढच्या एप्रिल-मेमध्ये प्रवाळ पाहायला जाण्याआधी तिथल्या दोन-तीन डायव्हिंग केंद्रांना फोन करून रंग कसे आहेत हे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर गुळमुळीत मिळाले तर बेत पुढच्या फेब्रुवारीवर ढकलावा. इतर वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात जाण्यास हरकत नाही.

पाणी उबदार असले तरी थंडी वाजत नाही असे समजू नका. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते, त्यामुळे अठ्ठावीस अंशांच्या पाण्यातही पाऊण तासाने हुडहुडी भरू शकते. मुलासाठी त्याच्या मापाचा पूर्ण बाह्यांचा वेटसूट आहे का, हे आधीच विचारून ठेवा. खोल जागी कधी कधी थंड पाण्याचा थर लागतो. विहिरीत उन्हाळ्यात सूर मारल्यावर कमरेपर्यंत कोमट आणि पायांना एकदम गार लागते, तसाच हा अनुभव असतो. आपल्याला तो नवा वाटणार नाही.

विहिरीतले पोहणे पुरेसे आहे का, या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. प्रशिक्षक सोबत घेऊन करायच्या चाचणी डाइव्हला पोहता येणे सक्तीचे नसते. तिची कमाल खोली 12 मीटर असते आणि प्रत्यक्षात पहिल्यांदा जाणाऱ्याला पाच-सात मीटरपर्यंतच नेतात. दहा वर्षांवरील मुलाला ती करता येते. प्रमाणपत्राचा तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम करायचा असेल, तर न थांबता 200 मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे जमावे लागते. विहिरीत काठापासून काठापर्यंत पोहणाऱ्याला हे अंतर सलग कापण्याची सवय नसते, तेव्हा निघण्यापूर्वी महिनाभर तरणतलावात जा. विहिरीत बुडी मारताना आपण श्वास रोखतो, ही सवय मात्र इथे सोडावी लागते. स्कूबामध्ये श्वास कधीही रोखायचा नसतो, कारण वर येताना फुप्फुसांतली हवा प्रसरण पावते आणि रोखलेला श्वास इजा करू शकतो. कानांचे म्हणाल तर दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि त्यातला सर्वांत जाणवणारा बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे सोडण्याचा सराव मुलाकडून घरीच करून घ्या. सर्दी झाली असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नये. तिघांपैकी कोणाला दमा असेल, तर आधी डॉक्टरांचा लेखी अभिप्राय घ्या.

अंदमानचा खर्च पाहून मालवणचा विचार मनात आला असेल, तर तोही वाईट नाही. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला असतो, पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, आणि चांगल्या दिवशीही पाच-सहा मीटर दिसले तर समाधान मानावे लागते. मुलगा पाण्याखाली घाबरतो की रमतो, हे अंदमानचे तिकीट काढण्यापूर्वी कळावे यासाठी ते उपयोगी आहे. मात्र एका दिवसात दोन-तीन डाइव्ह केल्यास त्याच संध्याकाळी घाट चढून घराकडे निघू नका. डाइव्हनंतर शरीरात साठलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो, आणि त्याआधीच कमी दाबाच्या हवेत, म्हणजे उंचीवर, गेल्यास तो अपाय करू शकतो. आपले पठार समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर आहे, आंबोलीसारखा घाटमाथा त्याहूनही अधिक. रात्र मालवणलाच काढावी.

हाच नियम विमानाला अधिक कडकपणे लागू आहे. एकाच साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक दिवस डाइव्ह केल्यास किमान 18 तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. परतीचे विमान सकाळी असेल, तर आदल्या दिवशी पाण्यात उतरूच नये. त्या दिवशी सकाळची बोट पकडून पोर्ट ब्लेअरला या; तिला दीड ते अडीच तास लागतात. सामानात किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा ठेवू नका, मेलेला असला तरी तो नेणे कायद्याने गुन्हा आहे. दुपारी सेल्युलर जेल पाहा.