कॉलेजात ज्युदो खेळायचो, आता ४२ व्या वर्षी पुन्हा सुरू करायचा आहे. चांगला प्रशिक्षक कसा ओळखावा?

तुम्ही लिहिलंय की ब्राऊन बेल्टपर्यंत (ब्लॅकच्या आधीची पायरी) गेला होतात, मग नोकरी-संसारात मॅट सुटली ती सुटलीच. आता घराजवळ दोन क्लास आहेत. एका सरांच्या भिंतीवर मेडल्स आहेत, दुसऱ्यांच्या भिंतीवर फक्त कॅलेंडर. मीही चाळिशी उलटल्यावर मॅटवर परतलेला माणूस आहे, म्हणून लिहितो.

मेडल सरांनी विशी-पंचविशीत मिळवलेलं असतं. तेव्हा ते चांगले खेळायचे, एवढंच त्यातून कळतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) प्रशिक्षकांचा डिप्लोमा असेल तर त्याला मी थोडं जास्त वजन देईन, कारण तिथे निदान शिकवायचं कसं हे शिकवतात. पण तोही शेवटी कागदच. तुम्ही सरांना बघायला जाऊ नका, त्यांची पोरं बघायला जा. तीही स्पर्धेला जाणारी नव्हेत. यलो-ग्रीन अशा खालच्या बेल्टची, जरा बावरलेली, मॅटच्या कडेला जोडी जमवून उभी असतात ना, ती.

ती पडतात कशी, म्हणजे त्यांची उकेमी (न लागता पडायची पद्धत) कशी आहे, ते बघा. हनुवटी छातीला लागते का, हाताचा फटका वेळेवर बसतो का, डोकं मॅटला टेकतं का. नवीन मुलांना ओसोतो गारीवर (समोरच्याचा पाय मागून उडवून त्याला पाठीवर पाडायचा डाव) कधी आणि कसं पडायला देतात यावर खास लक्ष ठेवा. जपानमध्ये १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली. त्यातली बरीचशी डोक्याला मार लागून गेली, नवशिकी जास्त, आणि त्या नोंदींत ओसोतो गारीचं नाव पुन्हा पुन्हा येतं. ज्या देशात ज्युदो जन्मला तिथली ही गत. त्यामुळे 'उकेमी काय, होईल आपोआप' म्हणणारा माणूस कितीही मोठा खेळाडू असो, तिथून उठून यायचं.

मी सध्या जिथे जातो तिथे पहिल्यांदा नुसता बघायला गेलो होतो. एका मुलाने मागे पडताना हात टेकवला. मनगट मोडायचा हा हमखास रस्ता. सरांनी 'माते' (जपानीत 'थांबा') म्हणून थांबवलं. त्याला उकिडवं बसवून मागे लोळायला लावलं, मग अर्धं उभं करून, मग पूर्ण. त्याला ओरडले नाहीत. टाकणाऱ्या थोराड मुलाला मात्र सगळ्यांसमोर विचारलं, "बाही का सोडलीस त्याची?" मी तिथेच फी भरली. टाकणाऱ्याने शेवटपर्यंत बाही वर ओढून धरली तर पडणारा कुशीवर येतो आणि डोकं वाचतं. समोरच्याला सांभाळायची जबाबदारी टाकणाऱ्याची, हे ज्या क्लासात पोरांच्या अंगात मुरलंय तिथे तुमचे गुडघे आणि खांदे सुरक्षित आहेत.

एक बारीक गोष्ट. रांदोरी (सरावाची मोकळी लढत) चालू असताना मॅट सरकतात आणि सांध्यात फट पडते. त्यात अंगठा अडकला की पुढचा महिना चप्पल घालणं मुश्कील. ती फट कुणी न सांगता पायाने बंद करतं का बघा. नखं तपासतात का, हेही. क्रीडा संकुलातल्या चकाचक हॉलमध्ये कुणी बघत नाही आणि पत्र्याच्या शेडमध्ये रोज तपासतात, असं मी पाहिलंय.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे: मोठ्यांची बॅच. बहुतेक क्लास शाळकरी मुलांवर चालतात आणि सरांचं सगळं लक्ष पुढच्या जिल्हास्तरीय स्पर्धेवर. तिथे बेचाळिशीचा माणूस गेला की एक तर त्याला कोपऱ्यात स्ट्रेचिंग करायला लावतात, नाहीतर एकोणीस वर्षांच्या ग्रीन बेल्टसमोर उभं करतात. दुसरं फार वाईट. त्या वयात ताकद आलेली असते, ताबा आलेला नसतो. सरांना थेट विचारा, "सुरुवातीला मला जोडीला कोण देणार?" चांगला सर क्षणभर विचार करून एखाद्या शांत ब्राऊन किंवा ब्लॅक बेल्टकडे बोट दाखवेल. "कुणीही चालेल हो, तुम्ही तर जुने खेळाडू!" असं उत्तर आलं तर कॅलेंडरवाल्या सरांकडे जा. तिथेही हेच उत्तर आलं तर थोडं लांब जायची तयारी ठेवा.

क्लास बघू देत नसतील, दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि तिची वेगळी फी असेल, तर पुढे विचारायची गरज नाही. घरातली मुलगी किंवा बायको सोबत येणार असेल तर मोठ्या वयाच्या मुली त्या क्लासात टिकल्यात का ते पाहा. पहिलीला आहेत आणि दहावीनंतर एकही नाही, असं असेल तर त्यामागचं कारण एखाद्या आईला विचारा, सरांना नको.

आता परतण्याबद्दल. सगळ्यात आधी दम जातो, डाव जात नाहीत. तुमचा सेओइ नागे (खांद्यावरून फेकायचा डाव) आठवड्याभरात आठवेल आणि तिथेच घोळ आहे, कारण डोक्याला आठवलेलं शरीराला पेलत नाही. स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडाशी बांधणारे स्नायुबंध मागून सावकाश येतात. बोटं, कोपर, गुडघ्याची आतली बाजू इथे पहिल्यांदा कुरकुर सुरू होते. म्हणून पहिले काही आठवडे उकेमी, उचीकोमी (न पाडता डावात शिरायचा सराव) आणि नेवाझा (जमिनीवरची झुंज) एवढंच करा. उभ्याने रांदोरी नंतर. बीपी तपासून घ्या, जुनी दुखापत सरांना पहिल्या दिवशी सांगा. आणि टॅप (हाताने थोपटून हार मानणं) लवकर करा, वीस वर्षांच्या पोरासमोर केला म्हणून काही बिघडत नाही.

नियमही बदललेत. तुमच्या वेळी असलेला कोका (सगळ्यात छोटा गुण) २००९ पासून गेला. त्याच्या वरचा गुण युको २०१७ मध्ये काढला आणि २०२५ पासून परत आणला. पुरुषांची लढत पाच मिनिटांची चार झाली. मोठा धक्का म्हणजे पाय धरणं: २०१० मध्ये त्यावर बंधन आलं, २०१३ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पूर्ण बंद. मोरोते गारी, म्हणजे कुस्तीतला आपला दुहेरी पट, मारलात तर शिक्षा होईल. कुस्तीतून ज्युदोत आलेल्या आपल्याकडच्या कित्येकांचा हुकमी डाव त्यात गेला, मला त्याचं आजही वाईट वाटतं. स्पर्धेची हौस असेल तर व्हेटरन्स गट तिशीपासून सुरू होतो आणि पाच-पाच वर्षांचे टप्पे असतात. तुम्ही ४० ते ४४ मध्ये येता.

बेल्ट कुठला बांधायचा ते सरांना विचारा. ब्राऊनच बांधा म्हणाले तर मॅटवरची तरुण पोरं त्या हिशोबानेच तुमच्यावर येतील, एवढं लक्षात ठेवा. मी तर व्हाईट बांधूनच सुरुवात केली होती, सरांनी ब्राऊन बांधायला सांगेपर्यंत.

जुना ड्रेस निघालाच कपाटातून तर खांद्याची आणि काखेची शिवण ओढून बघा, कापड कुजलेलं असतं. नवा घेताना आधी सिंगल विव्ह (पातळ विणीचा) घ्या, स्वस्त पडतो आणि आपल्या उन्हाळ्यात सहन होतो. सुती असेल तर एक माप मोठा, पहिल्या दोन-तीन धुण्यांत बाह्या आखडतात.